उजळलं की घटलं : जुन्या मोटारीचा रंग आणि पॉलिशच्या यंत्राची कुळकथा

१

वडूजला आमच्या घरामागे चिंचेखाली एक पत्र्याची शेड आहे. तिच्यात अण्णांची १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी उभी असते. अण्णा गेल्यापासून चार वर्षे ती कोणी हलवली नव्हती. गेल्या खंडेनवमीला पूजा करायची म्हणून ताडपत्री काढली, बॉनेटला हळदकुंकू लावले आणि हात मागे घेतला, तर बोटांना कुंकवाबरोबर फिकट आभाळी भुकटी लागली होती. मोटारीचा रंग पिठासारखा हाताला येत होता.

मुलगा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "बाबा, पॉलिशचं मशीन घ्या. दोन दिवसांत चकाचक होईल." मलाही ते पटले. पण मशीन घ्यायला निघालो तेव्हा कळले की या एका नावाखाली दोन-तीन हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंतच्या वस्तू मिळतात आणि दिसायला त्या भावंडांसारख्या असतात. दुकानदार वॅट सांगतो, फेरे सांगतो, हमी किती महिन्यांची ते सांगतो. हे यंत्र माझ्या गाडीच्या रंगाला चालेल का, या प्रश्नावर मात्र तो "सगळ्याला चालतं" एवढेच म्हणतो.

आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला 'सगळ्याला चालतं' हे उत्तर पचत नाही. मी यंत्राची चौकशी बाजूला ठेवली आणि हा रंग कधीचा, कसला, आणि त्याला घासण्याची रीत कुठून आली, याच्या मागे लागलो. वर्षभर वाचले, मिस्त्र्यांशी बोललो, स्वतःच्या गाडीवर मापे घेतली. हाती आलेली गोष्ट थोडक्यात अशी : पॉलिशचे प्रत्येक यंत्र एखाद्या रंगाच्या मागोमाग आलेले आहे. रंगाचा काळ ओळखला तर यंत्र स्वस्तातही बरोबर मिळते. तो न ओळखता महागाचे यंत्र आणले, तर ते जे उरले आहे तेही घेऊन जाते.

२

यातली दुसरी गोष्ट मला पुस्तकाआधी घरात कळली होती. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या कमी पावसाच्या तालुक्यांतली हजारो कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. मोडीचे सोनेचांदी गाळून शुद्ध करायचे, सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा आणि त्यातले कण वेगळे काढायचे, हे ते काम. अण्णांनी कोइमतूरला तीस वर्षे गलाईचे दुकान चालवले. पद्मिनी त्या दुकानाची कमाई. गावच्या जत्रेला ते ती घेऊन यायचे.

गलाईच्या माणसाला चकाकीचे कौतुक कमी आणि घटीची काळजी जास्त. आमच्या देव्हाऱ्यातले चांदीचे टाक तीन पिढ्यांचे होते. सणासुदीला चिंच आणि राखेने घासून घासून खंडोबाचा घोडा नुसता उंचवटा होऊन राहिला होता, देवीचे नाकडोळे गेले होते. आजी म्हणायची, "देव उजळून आणा." अण्णा टाक हातात घेऊन तोलत आणि म्हणत, "उजळलं की घटलं." शेवटी ते टाक मोडून नवे घडवले.

हेच वाक्य त्यांनी मोटारीच्या बाबतीतही एकदा उच्चारले. सोळा-सतरा वर्षांपूर्वी हमरस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये गाडी 'बफिंग'ला दिली होती. तिथल्या पोराने पत्रा कापायच्या ग्राइंडरला लोकरीची चकती बसवून ती फिरवली. संध्याकाळी गाडी आरशासारखी दिसत होती. पण बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर आणि डिकीच्या कडेला रंग पार जाऊन राखाडी प्रायमर उघडा पडला होता. अण्णांनी भांडण केले नाही. कडेवरून अंगठा फिरवून तेवढे दोन शब्द म्हणाले आणि पैसे देऊन गाडी घरी आणली. त्या पोराची चूक नेमकी कुठे झाली हे मला आत्ता, या लेखाच्या निमित्ताने समजले. त्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

३

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडा सोडवलेल्या बग्ग्याच होत्या आणि त्यांचा रंगही बग्गीचाच होता. जवसाच्या तेलात खललेला रंग, त्यावर व्हार्निश, पुन्हा घासणी, पुन्हा व्हार्निश असे थरावर थर ब्रशने चढवायचे. प्रत्येक थर हवेत सुकायची वाट पाहायची. एका गाडीचा रंग पुरा व्हायला आठवडे लागत. घासणी हाताने व्हायची, प्युमिस दगडाची पूड आणि ओले फडके घेऊन. यंत्राची गरज नव्हती, कारण चमक व्हार्निशची असे आणि ती थर सुकताना आपोआप येई.

हे चित्र पालटले ते पहिल्या महायुद्धानंतर. युद्धात स्फोटकांसाठी कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज बनवण्याचे प्रचंड कारखाने उभे राहिले होते. युद्ध संपल्यावर त्या मालाचे करायचे काय, हा प्रश्न होता. अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीने त्यापासून लवकर सुकणारा आणि फवारता येणारा रंग काढला. त्याचे नाव ड्युको. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीला तो १९२३ साली प्रथम लागला. आठवड्यांचे काम दिवसांवर आले.

याच नायट्रोसेल्युलोजवर तेव्हाचे चित्रपटही छापले जात. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) याच जातीच्या फिल्मवरचा. ही फिल्म उष्णतेला किती नाजूक असते, हे पुण्याने जानेवारी २००३ मध्ये पाहिले. फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या काळातले धनही तिच्यात गेले. रंगाच्या पातळ थरातले नायट्रोसेल्युलोज असे भडकत नाही, पण उष्णतेने मऊ होते. हा गुण पुढे महत्त्वाचा ठरतो.

ड्युकोचा एक दोष होता. फवारल्यावर तो मंद, खरखरीत सुकायचा. चमक हवी तर घासावेच लागे. म्हणजे मोटारीच्या इतिहासात पहिल्यांदाच घासणे हा डागडुजीचा नव्हे, तर कारखान्यातल्या रंगकामाचाच भाग झाला. नवी कोरी गाडी पॉलिश केल्याशिवाय बाहेर पडेना. त्याच सुमाराला, १९२१ मध्ये, थ्री-एम कंपनीने पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद बाजारात आणला. आपल्याकडचे मिस्त्री ज्याला वॉटर पेपर म्हणतात तो हाच. दोन रंगांत गाडी रंगवताना लावायची मास्किंग टेप १९२५ मध्ये त्याच कंपनीने काढली. रबिंग कंपाउंड, वॉटर पेपर, टेप आणि फिरणारी लोकरीची चकती हा रंगाऱ्याचा सगळा संसार एका दशकात जमला, आणि तो जमवला नायट्रोसेल्युलोजने.

ब्रिटनमध्ये ड्युको हे नाव आयसीआय या कंपनीकडे गेले आणि तिच्यामार्फत आपल्याकडे आले. आजही वडूजचा सुतार कपाटाला फवाऱ्याने रंग द्यायचा असेल तर "ड्युको मारायचा का पॉलिश?" असे विचारतो. ज्या मोटारींसाठी तो रंग निघाला त्या भंगारात गेल्या, पण शब्द सुताराच्या तोंडी राहिला.

४

आता आपल्या मोटारीकडे येतो. सोलापूरला १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ मध्ये मुंबईच्या कुर्ल्यातून तिची वाहने बाहेर पडू लागली. वालचंदांचा आमच्या जिल्ह्याशी त्याआधीच संबंध आलेला होता. धनजीशहा कूपर, जे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, त्यांनी सातारा रोड स्टेशनाजवळ लोखंडी नांगरांचा कारखाना काढला होता. तो १९४० च्या सुमारास वालचंद उद्योगसमूहात आला. आमच्या खटावच्या शेजारच्या कोरेगाव तालुक्यातली ही गोष्ट. म्हणजे वडूजच्या शेतकऱ्याच्या नांगराचे आणि अण्णांच्या मोटारीचे कुळ एका टप्प्यावर एकच होते.

कुर्ल्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या गेल्या, मग फियाटच्या. १९५४ पासून फियाट ११००, १९६४ पासून तिचीच 'डिलाइट' आणि सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी'. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायचे ते दिवस. मिळालेली गाडी माणूस आयुष्यभर वापरी, दोन-तीनदा रंगवी आणि मग विकी. मुंबईची काळी-पिवळी हिच्याच रूपात लोकांच्या डोळ्यांत बसली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली.

त्या काळच्या साध्या, म्हणजे चमकीचे कण नसलेल्या रंगांची रचना अशी : पत्रा, त्यावर प्रायमर, त्यावर रंग. वर वेगळा पारदर्शक थर नाही. रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारी राळ एकाच थरात. ऊन वर्षानुवर्षे पडले की अतिनील किरणांनी वरची राळ कुजते आणि सुटे झालेले रंगद्रव्य भुकटी होऊन हाताला लागते. माझ्या बोटांना लागले ते हेच. भुकटीखाली मात्र तोच रंग अजून ताजा असतो. म्हणून असा रंग घासून पुन्हा उजळता येतो. नव्या गाड्यांना न मिळणारी ही जुन्या गाड्यांची सोय, पण घासण्याजोगा थर उरलेला असेपर्यंतच.

थर किती जाड असतो? कारखान्यातून निघालेल्या मोटारीवर प्रायमरपासून वरपर्यंत सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा. म्हणजे प्रायमरसकट सगळा रंग दीड-दोन केसांएवढा. कंपाउंड लावून जोराने एकदा घासले की त्यातले काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. कडांवर, उंचवट्यांवर रंग मुळातच पातळ बसतो. फवारलेला रंग सुकताना कडेवरून मागे सरतो आणि चकती टेकते ती आधी कडेवरच.

५

आता यंत्राकडे वळतो. हातात धरायचे विजेचे पहिले ड्रिल जर्मनीत स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये बनवले. पिस्तुलासारखी मूठ आणि चाप असलेल्या ड्रिलचे पेटंट अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरला १९१७ मध्ये मिळाले. याच मोटरीला काटकोनात दातेरी चाके जोडून चकती बसवली की पॉलिशर होतो आणि तिचा वेग वाढवला की ग्राइंडर. स्टुटगार्टच्याच आकरमान आणि श्मिट यांच्या फ्लेक्स कंपनीने १९५४ मध्ये वेगवान कोनी ग्राइंडर आणला. तो इतका रुळला की जर्मन भाषेत पत्रा कापण्याला 'फ्लेक्स करणे' असे क्रियापदच झाले.

आपल्याकडे मुंबईच्या रॅलीवुल्फची हत्यारे बरीच वर्षे कारखान्यांत आणि गॅरेजांत दिसत. आमच्या दक्षिण महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला १९७६ मध्ये कुलकर्णी पॉवर टूल्स सुरू झाली. मधल्या काळात ती कुलकर्णी ब्लॅक अँड डेकर म्हणून ओळखली जाई, आज केपीटी म्हणून. इचलकरंजी, सांगली, कराडच्या वर्कशॉपांना ग्राइंडर आणि ब्लोअर दाराशी मिळू लागले आणि कार्बन, आर्मेचर असे सुटे भागही.

यामुळे आमच्याकडच्या प्रत्येक पत्रेवाल्याकडे ग्राइंडर आला. पॉलिशर मात्र सगळ्यांकडे नव्हता. लोकरीची चकती ग्राइंडरलाही बसते, मग वेगळे यंत्र कशाला, असा सरळ हिशेब होता. त्यातला धोका आकडेमोड केल्याशिवाय दिसत नाही. चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटरचा ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो. त्याच्या चकतीची कड सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या पुढे धावते. १८० मिलिमीटरचा फिरता पॉलिशर १,००० फेऱ्यांवर ठेवला तर कडेचा वेग ताशी ३४ किलोमीटर होतो. एकाच जागी ताशी २०० किलोमीटरने लोकर घासली की उष्णता निघून जायला वेळ मिळत नाही. नायट्रोसेल्युलोज त्या उष्णतेने मऊ पडून ओढले जाते. भट्टीत भाजलेला एनॅमल तसा मऊ होत नाही, तो जळतो आणि सोलून निघतो. त्या पोराने नेमके हेच केले होते. त्याच्या हातात पत्रा कापायचे यंत्र होते आणि समोर रंग होता. त्याच्या हाताला दोष देऊन उपयोग नव्हता.

आमच्या गावातल्या एका वयस्कर रंगारी मिस्त्र्यांना मी विचारले, तुम्ही कोणते यंत्र वापरत होता? ते हसले. "सर, मशीन कुठलं? जुनं धोतर. धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याची घडी, वर कंपाउंड, आन् सरळ हात. गोल हात फिरवायचा न्हाई, उन्हात वळं दिसत्यात." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मशीन कसलंबी घ्या, पर आधी रंग किती ऱ्हायलाय ते बघा." वर्षभराच्या वाचनाचा सारांश त्यांनी एका वाक्यात सांगून टाकला.

ज्या मुलखात मेंढरे चरतात आणि घोंगड्या विणल्या जातात तिथे लोकरीची चकती परक्याची का, असाही प्रश्न मला पडला होता. त्याचे उत्तर धाग्यात आहे. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि भरड. घोंगडीला ती उत्तम, पण रंगावर ती घासकागदासारखे ओरखडे काढते. पॉलिशला मऊ, तलम लोकर लागते.

६

तिसरा बदल पुन्हा रंगानेच घडवला. चमकीच्या, म्हणजे मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते उघडे राहिले तर हवेने काळवंडतात. म्हणून खाली रंगाचा पातळ थर आणि वर राळेचा पारदर्शक थर अशी दोन थरांची पद्धत आली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती आली आणि १९९१ नंतर परदेशी गाड्यांना दारे उघडली. त्यांच्याबरोबर ही पद्धत आपल्याकडे सर्रास झाली. वरचा पारदर्शक थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे एका केसाहून पातळ. शिवाय तो कठीण. त्यावर फिरत्या चकतीने सूर्यबिंबाभोवती दिसावीत तशी जाळीदार वळे उमटतात आणि गडद रंगावर ती लगेच डोळ्यांत भरतात.

या रंगाला वेगळे यंत्र हवे होते. रंगापूर्वीच्या घासणीसाठी दुहेरी गतीची यंत्रे बॉडीशॉपमध्ये आधीपासून होती. त्यांची चकती स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी मधल्या अक्षाभोवती डगमगते. आपली पृथ्वी स्वतःभोवती फिरत सूर्याभोवतीही फिरते, तसे. एकाच रेषेवरून लोकर पुन्हापुन्हा जात नसल्यामुळे वळे उमटत नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्वतःभोवतीचे फिरणे मोकळ्या बेअरिंगवर असते. जास्त दाबले, किंवा चकती कडेवर अडली, की ते फिरणे थांबते. यंत्र नुसते थरथरत राहते आणि रंग जळत नाही. फिरता पॉलिशर असा थांबत नाही. १५ मिलिमीटरच्या डगमगीचे यंत्र मिनिटाला ४,००० वेळा हलले तरी त्या हालचालीचा वेग ताशी अकरा-बारा किलोमीटरच भरतो. १९४७ साली मिलानला सुरू झालेल्या रूपेस कंपनीने २०१० च्या सुमारास १५ आणि २१ मिलिमीटरच्या मोठ्या डगमगीची यंत्रे आणली आणि पॉलिशची कामेही या जातीच्या यंत्राने वेगात होऊ लागली. आज बाजारात मिळणारी स्वस्त दुहेरी यंत्रे त्याच वाटेने आली आहेत.

इथे इतिहासाची एक गंमत दिसते. दुहेरी गतीचे यंत्र वाढले ते नव्या, दोन थरांच्या रंगासाठी. पण ज्याच्या हाताला सवय नाही अशा माणसाने जुना, पातळ झालेला एकथरी रंग उजळायचा असेल, तर त्यालाही तेच सर्वांत सुरक्षित. फिरता पॉलिशर ज्या रंगासाठी निघाला तो रंग माझ्याच गाडीवर होता. मात्र तो कारखान्यात नव्याने लागलेला, भरपूर जाडीचा असताना त्याला ते यंत्र शोभत होते. चाळीस वर्षांच्या उन्हानंतर आणि एका ग्राइंडरनंतर तो हिशेब उरला नव्हता.

७

मग मी मिस्त्र्यांनी सांगितले तसे आधी रंग पाहिला. पांढऱ्या फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन दाराच्या खालच्या बाजूला घासले. फडके आभाळी झाले, म्हणजे एकथरी रंग. फडके पांढरेच राहते तर वर पारदर्शक थर आहे असे समजायचे. नंतर जाडी मोजायचे छोटे यंत्र मिळवले. ते लोखंडी पत्र्यापासूनचे अंतर चुंबकाने मोजते. टपावर ९५ ते ११० मायक्रॉन आले. दारांवर शंभराच्या आसपास. डाव्या मडगार्डवर ४०० च्या वर, म्हणजे तिथे कधीतरी ठोकर लागून लांबी भरलेली आणि वरून रंगवलेले. बॉनेटच्या उंचवट्याजवळ ६०. प्रायमर वजा केला तर तिथे रंग जवळजवळ संपलेला होता.

या आकड्यांनी यंत्र ठरवले. मी घेतले ते दुहेरी गतीचे, १५ मिलिमीटर डगमगीचे, पाच इंची तव्याचे, सातशे वॅटच्या वरचे. २१ मिलिमीटरचे यंत्र मोठ्या सपाट टपाला बरे, पण पद्मिनीचे अंग वळणांचे, त्यात ते अडते. वेग कमीजास्त करता येणारे आणि हळूहळू सुरू होणारे हवे, म्हणजे चालू करताक्षणी पॉलिश भिंतीवर उडत नाही. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते, त्यामुळे भार आला तरी वेग टिकवणारी जोडणी आत असेल तर उत्तम. कार्बन कोणत्या मापाचे लागतात आणि ते साताऱ्यात किंवा कराडात मिळतात का, हे विचारून घेतले. हे सगळे सहा हजारांच्या आत बसले. यंत्रावर वाचवलेले पैसे फोमच्या चकत्यांवर घातले, कारण भुकटी झालेला रंग चकतीत भरतो आणि भरलेली चकती पुन्हा ओरखडे काढते. एका भागाला एक चकती असा हिशेब धरला.

आणखी एक काळजी घेतली. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या-तांबड्यांत, शिशाची द्रव्ये सर्रास वापरली जात. म्हणून कोरडे घासायचे नाही, नाकावर मास्क, हातात मोजे आणि नातवंडांना शेडमध्ये बंदी.

कडांना आणि उंचवट्यांना टेप लावली. सुरुवात सर्वांत मऊ चकतीने आणि सर्वांत सौम्य पॉलिशने, टपाच्या एका कोपऱ्यावर केली. तेवढ्याने भागले. त्याहून जहाल कंपाउंडचा डबा मी उघडलाच नाही. बॉनेटला यंत्र लावले नाही. तिथे अण्णांचे जुने धोतर घेतले, घडी केली आणि मिस्त्र्यांनी सांगितल्याप्रमाणे सरळ हात चालवला. उघडा पडलेला प्रायमर तसाच आहे. त्यावर नवा रंग मारता आला असता, पण तो कुर्ल्याचा रंग नसता.

८

मागची नंबर प्लेट काढली तेव्हा तिच्यामागे पोस्टकार्डाएवढा तुकडा सापडला. त्याला ऊन कधी लागलेच नव्हते. बाकीच्या गाडीपेक्षा तो गडद, थोडासा मोरपंखाकडे झुकणारा आहे. आम्ही सगळे जिला आभाळी गाडी म्हणत होतो तिचा मूळ रंग हा होता. तो तुकडा न घासता, तसाच ठेवून प्लेट परत बसवली.

चकत्या पिळून निघालेले निळे पाणी ओतायला मी चिंचेकडे निघालो होतो. शिशाची आठवण झाली आणि ते पत्र्याच्या डब्यात ठेवून वाळू दिले. गलाईच्या घरात वाढलेल्या माणसाला केर फेकवत नाही, हेही खरे. टप, डिकी आणि दारे मिळून चार चौरस मीटर धरले आणि दोन मायक्रॉन रंग गेला असे मानले, तर तो आठ घन सेंटिमीटर भरतो. दीड-दोन चमचे. तो आता कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात, अण्णांच्या तराजूशेजारी ठेवला आहे. यंदा खंडेनवमीला गाडी चांगली दिसली. मुलाने विचारले, पुढच्या वर्षी पुन्हा मशीन फिरवायचे का? मी म्हटले, नको. धुवायची, मेण लावायचे आणि शेडला उन्हाच्या बाजूने एक पत्रा वाढवायचा.